चार महिन्यांचं बिऱ्हाड

मायबाप श्रोते हो, सेवेसाठी घेतलेल्या अभंगाचं चिंतन आपण यथामती केलं. आता थोडा वेळ राहिला आहे. ज्या निमित्तानं ही कीर्तनसेवा ठेवली, त्या निमित्ताला तो वेळ देतो. आपले गुरुजी ३१ मेला सेवानिवृत्त झाले. आता ३१ मेच का, हे इथं बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. आपल्या आईबापांना आपली जन्मतारीख माहीत नव्हती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, कधीचा जन्म? आई म्हणाली, पाऊस लागायच्या आधीचा. मास्तरांनी लिहिलं १ जून. झालं! अख्खी पिढी एका दिवशी जन्मली आणि अठ्ठावन्न वर्षांनी एकाच दिवशी घरी आली. माझी तारीखही तीच, महाराज. मीही ३१ मेचाच.

गुरुजींनी मला फोन केला. म्हणाले, "महाराज, फंड मिळेल, ग्रॅच्युइटी मिळेल, पेन्शनचे कागद पुढे गेलेत. आता एकच इच्छा आहे. यंदाचा चातुर्मास पंढरपुरात काढायचा. आषाढीच्या दशमीला जायचं आणि कार्तिकी करून परत यायचं. खोली सांगून ठेवली आहे." मला फार आनंद झाला. आणि लगेच भीतीही वाटली. भीती का वाटली, तेच आज सांगणार आहे.

आधी चातुर्मास म्हणजे काय ते बघू. आषाढ शुद्ध एकादशीला देव झोपतो, कार्तिक शुद्ध एकादशीला उठतो, हे आपण सगळे जाणतो. या चार महिन्यांत संन्याशानं प्रवास करू नये, एका जागी राहावं, असा नेम आहे. का? पावसाळ्यात वाटेवर जीवजंतू फार. चालणाऱ्याच्या पायाखाली हिंसा घडते. म्हणून जो वर्षभर फिरतो, त्याला शास्त्रानं सांगितलं, बाबा, चार महिने थांब. मग आपण कोण? आपण तर वर्षभर बसलेले. शाळा ते घर, घर ते शेत, शेत ते पार. फिरणाऱ्याला जसं थांबणं हे तप, तसं बसलेल्याला उठणं हे तप. म्हणून संसारी माणसानं चार महिने घर सोडून क्षेत्री राहावं, हे चांगलंच आहे. पण उठायचं कसं, ते शिकावं लागतं. मी न शिकता उठलो होतो. ऐका.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. लहानपणी चार वर्षं मी आळंदीला होतो. जोग महाराजांनी १९१७ साली सुरू केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत पखवाजावर हात बसला, ज्ञानेश्वरी पाठ झाली. मग डी.एड. केलं, तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, आणि रात्री कीर्तनं केली. निवृत्त झालो त्या संध्याकाळी हार गळ्यात असतानाच घरात जाहीर केलं, "यंदा चातुर्मास पंढरीत." आमच्या मंडळी चुलीपाशी होत्या. काही बोलल्या नाहीत. मी समजलो, आनंद झाला. महाराज, बाई गप्प बसली म्हणजे तिला आनंद झाला, हा पुरुषाचा सगळ्यात जुना गैरसमज आहे! बोला, विठ्ठल विठ्ठल.

मग तयारी सुरू झाली. दोन ट्रंका, गाद्या, स्टोव्ह, परात, पाटा, पोथ्यांचं गाठोडं, वीणा. चार महिन्यांचं बिऱ्हाड की चौदा वर्षांचा वनवास, कळेना. जाताना कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. मुलगा म्हणाला, "आण्णा, किल्ली ठेवून जा." मी म्हणालो, "कशाला? तुला काही लागलं तर फोन कर." बघा, पंढरीला निघालो, आणि कपाट बरोबर घेऊन निघालो.

तिकडे गेल्यावर काय? पहाटे काकड्याला उभा राहायचो. तेवढ्यात मोबाइल थरथरायचा. "आण्णा, सोयाबीनवर अळी पडलीय, औषध कुठलं मारू?" मी मंडपाच्या कडेला जाऊन औषध सांगायचो. खरं सांगू? बरं वाटायचं. माझ्यावाचून अडतं, याचं सुख फार गोड असतं. कांदे नवमीला मी कांदा सोडला, वांगं सोडलं, पण हे सुख सोडलं नाही. आणि चातुर्मासात सोडायचं ते हेच होतं.

पुढे एक दिवस सुनेचा फोन आला. पीक विम्याची मुदत संपत आली होती, आणि सातबारा, बँकेचं पासबुक सगळं त्या कपाटात. किल्ली माझ्या कनवटीला. काय करणार? पहाटेची एसटी धरली, घरी गेलो, कुलूप उघडलं, पासबुक काढून दिलं, उलट पावली परत. दिवस कुठला? आषाढ वद्य एकादशी. आषाढीनंतरची पहिलीच एकादशी, आणि ती माझी एसटीच्या खिडकीपाशी घडली. माझी स्वतःवरच चिडचिड झाली, पण किल्ली तरीही परत आणली! अशी ही किल्ली असते, मायबाप.

हे झालं माझं. आता खरी गोष्ट ऐका.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. पाणी खालच्या नळाला. मंडळींचे गुडघे तेव्हाच दुखत होते. मी सकाळी चंद्रभागेवर जायचो, पुंडलिकाचं दर्शन, नगरप्रदक्षिणा, मग प्रवचनाला, मग कुणी ओळखीचा वारकरी भेटायचा. त्याला घेऊन घरी यायचो आणि दारातून सांगायचो, "दोन पानं जास्त वाढा." वारकऱ्याला जेवू घालणं हे पुण्य! पण पुण्य माझ्या नावावर आणि भाकरी त्यांच्या हातावर. घरी निदान सून होती हाताखाली. इथं त्या एकट्या. पंढरपुरात राहून त्यांना आठवड्यातून एकदा देवळात जायला मिळायचं. माझ्या लक्षातही आलं नाही.

श्रावणात आम्ही दोघं गोपाळपूरला गेलो. पंढरपूरला लागूनच आहे. तिथं जनाबाईचं जातं दाखवतात. तुम्ही पाहिलं असेल. नामदेवांच्या घरची ही दासी. ती दळायला बसली की देव येऊन खुंट्याला हात लावायचा, शेणी वेचू लागायचा, असं आपण सांगत आलो. मी या जात्यावर तीस वर्षं कीर्तनं केली आहेत. लोक रडलेत माझ्या त्या कीर्तनाला. मंडळी त्या जात्यापुढं उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग मला म्हणाल्या, "अहो, एक विचारू? देवानं हिचं जातं ओढलं म्हणता. तुम्ही माझी एक कळशी तरी वर आणलीत का?" आणि थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्ही निवृत्त झालात, हार घातला, नारळ दिला. मी कधी निवृत्त व्हायचं?"

मायबाप, मी तिथं काय उत्तर देणार? ज्ञानेश्वरी पाठ होती. उत्तर नव्हतं.

त्या रात्री झोप आली नाही. मला नाथांची गोष्ट आठवू लागली. पैठणला देव श्रीखंड्या नावानं नाथांच्या घरी राहिला. बारा वर्षं राहिला. काय केलं त्यानं बारा वर्षं? व्यासपीठावर बसला? हार घेतले? नाही. गोदावरीवरून कावडीनं पाणी वाहिलं आणि रांजण भरला. चंदन उगाळलं. पैठणला तो रांजण आजही दाखवतात. म्हणजे बघा, देवसुद्धा तात्पुरतं बिऱ्हाड करून राहिला, तर परक्या घरी त्यानं पहिलं काम उचललं ते पाण्याचं. आणि मी देवाच्या गावी राहायला आलो, तर पाणी दुसऱ्यानं भरायचं! मग माझं बिऱ्हाड पंढरीत होतं कुठं? जागा बदलली होती, माणूस तोच होता.

सकाळी उठलो. दोन कळशा घेतल्या. खाली चार ओळखीचे उभे होते. एक म्हणाला, "महाराज, हे काय?" लाज वाटली. खोटं कशाला बोलू, वाटली. पण पाणी वर आणलं. मग भात शिकलो, आमटी शिकलो. भाकरी अजून गोल येत नाही. समोर बसल्यात, विचारा त्यांना. मंडळी पहाटे काकड्याला जाऊ लागल्या. आणि एक दिवस पोस्टानं नाही, फोननं नाही, मुलाला पंढरपूरला बोलावून घेतलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली. तो दचकला. म्हणाला, "आण्णा, तब्येत बरी आहे ना?" म्हणालो, आता बरी आहे.

त्यानंतर फोन कमी झाले. पहिले आठ दिवस मला फार वाईट वाटलं. कुणी विचारीना! नवव्या दिवशी काकड्याला उभा होतो आणि लक्षात आलं, आज आपलं चित्त शेतात गेलंच नाही. आषाढीपासून पंढरपुरात होतो, पण पंढरीत पोचलो तो त्या दिवशी.

तर गुरुजी, तुम्ही निघालात, फार चांगलं. या म्हाताऱ्याचं एवढं ऐका. जाण्याआधी वहिनींना विचारा. सांगू नका, विचारा. त्या नको म्हणाल्या तर का नको ते ऐका, आणि मग ठरवा. घरी तुमच्या आई आहेत, ऐंशीच्या पुढे. त्यांची औषधं कुणी द्यायची, रात्री हाकेला कोण, हे नुसतं गृहीत धरू नका. मुलासुनेशी बसून बोला. मध्येच आईचं काही झालं तर नेम मोडून या. पुंडलिकानं आईबापांची सेवा चालू असताना देवाला विटेवर थांबवलं, तो देव तुमच्यावर रागवायचा नाही. सामान एका ट्रंकेत मावेल एवढंच न्या. कागदपत्रं कुठं आहेत ते मुलाला दाखवा आणि किल्ली द्या. मुलगा चुकेल. चुकू द्या. आपणही चुकूनच शिकलो.

आणि परत याल तेव्हा एक सांभाळा. ओट्यावरची तुमची खुर्ची हललेली असेल. पेरा तुमच्या मनासारखा नसेल. चार दिवस पाहुण्यासारखे राहा. पाहुणा स्वयंपाकघरात जाऊन डबे हलवत नाही. मी आलो आणि पहिल्या दिवशी गोठ्याची जागा का बदलली म्हणून भांडलो. मुलगा हसून म्हणाला, "आण्णा, किल्ली परत देऊ का?" मी गप्प बसलो.

आता दर नोव्हेंबरात तुम्हाला हयातीचा दाखला द्यावा लागेल. माणूस समोर उभा असतो, तरी तो जिवंत आहे हे कागदावर लिहून द्यावं लागतं. मी दरवर्षी सही करतो आणि मनात विचारतो, पांडुरंगा, तुझ्या दप्तरात माझ्या हयातीचा दाखला कोणता? मला वाटतं, ज्या दिवशी दुसऱ्याची कळशी उचलली, तेवढेच दिवस त्याच्याकडे मांडलेले असतील.

मायबाप, एक दिवस सगळ्यांनाच घर सोडायचं आहे. त्या दिवशी ट्रंक नाही, किल्ली नाही, परतीची एसटी नाही. त्या जाण्याची तयारी एकदम होत नाही. म्हणून देवानं हे चार महिन्यांचं छोटं जाणं ठेवलं आहे. कपाट मागे ठेवून, घरच्यांचा आशीर्वाद घेऊन, हलक्या हातानं निघायचं, एवढं इथं जमलं, तर तिथं जड जाणार नाही.

गुरुजी, वहिनी, दोघं उठा. एकमेकांना बुक्का लावा. आधी तुम्ही वहिनींना लावा. आज सेवानिवृत्ती दोघांची आहे.

झाली सेवा गोड करून घ्या. चुकलं ते माझं, साधलं ते संतांचं. बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम!