पारख कुणाच्या पैशाने?



भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून मुर्धे आणि राई मागे टाकत काल संध्याकाळी मी इथे मोरव्याला पोहोचले. ज्या घरी उतरले त्या घरातल्या आजींनी चहा दिला आणि लगेच स्वतःचा मोबाइल माझ्या हातात ठेवला. "तुम्ही मोबाइलचं लिहिता ना? मग हे बघा." चार्जिंगच्या खाचेत हिरवट थर साचला होता. पिन आत बसत नव्हती. दीड वर्षापूर्वी घेतलेला फोन. त्या म्हणाल्या, "इथली हवाच खारी. टीव्हीचं तेच, एसीचं तेच. पण घेताना कुणी सांगत नाही."

रात्री झोप येईना तेव्हा मी त्या फोनची परीक्षणं शोधली. मराठीत होती, हिंदीत होती, इंग्रजीत तर ढिगाने. कॅमेरा, पडदा, प्रोसेसर, सगळ्यावर परिच्छेदच्या परिच्छेद. खाऱ्या हवेबद्दल एक ओळ नाही. मिठागरांचा आणि होड्यांचा हा मुलूख, मुंबईला लागून असलेला, आणि इथल्या माणसासाठी लिहिलेलं एकही वाक्य मला सापडलं नाही. तयार करून आणलेलं भाषण मी बाजूला ठेवलं. आज जे बोलणार आहे ते आजींच्या प्रश्नाला धरून.

पारख करून वस्तू घेणं आपल्याला कुणी शिकवायला नको. इथून पुढे उत्तनला गेलात की मासळी घेताना आपण कल्ले उचलून बघतो, डोळा बघतो, बोटाने दाबून बघतो. कोळीण ते बघू देते, कारण उद्या आपण पुन्हा तिच्याच पाटीपाशी येणार असतो. सीलबंद खोक्यातल्या यंत्राला मात्र कल्ले नसतात. आत काय आहे ते पैसे मोजल्यावर कळतं. म्हणून आपल्याआधी कुणीतरी तो खोका उघडावा लागतो, ती वस्तू वापरावी लागते आणि खरं काय ते सांगावं लागतं. आपला परीक्षकांचा सगळा व्यवसाय या एवढ्या गरजेतून जन्माला आला.

त्याची सुरुवात इंटरनेटच्या फार आधीची आहे. अमेरिकेत १९२७ मध्ये स्टुअर्ट चेस आणि एफ. जे. श्लिंक यांनी ग्राहकाला त्याच्या पैशाचा मोबदला मिळतो का, या प्रश्नावर पुस्तक लिहिलं. त्यातून वस्तू तपासणारी एक संस्था निघाली, तिथल्या कामगारांचा संप झाला आणि संपातून बाहेर पडलेल्यांनी १९३६ मध्ये कन्झ्युमर्स युनियन उभी केली. तिने दोन नियम घालून घेतले. जाहिरात घ्यायची नाही, आणि तपासायची वस्तू दुकानातून, आपण कोण ते न सांगता, पैसे देऊन आणायची. इंग्लंडमध्ये १९५७ मध्ये मायकेल यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या एका गॅरेजमधून 'विच?' हे मासिक काढलं, तेही याच वाटेने.

आपण मुंबईकर यात फार मागे नव्हतो. १९६६ मध्ये मुंबईतल्या नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. वस्तूंची तपासणी आणि भेसळीविरुद्धचा लढा ही कामं करणारी ही संस्था निघाली तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा यायला अजून वीस वर्षं होती. बिंदुमाधव जोशींनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल पारखून एकत्र घ्यायचा आणि आपसात वाटून घ्यायचा, ही तिची पद्धत. या संघांकडे मी भाषणाच्या शेवटी परत येणार आहे.

मग संगणक आले. मुंबईतून 'चिप' आणि पुढे 'डिजिट' निघू लागलं. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जोडणारा प्रत्येक पोरगा ही मासिकं चाळायचा. त्या काळात मीही अशाच एका मासिकात नोकरीला होते. एकदा एका कंपनीने मॉनिटर पाठवला. चार दिवस तपासला, उत्तम होता, तसं लिहिलं. महिन्याभराने सोलापूर जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचं पत्र आलं. त्यांनी माझं वाचून तोच मॉनिटर घेतला होता. त्याच्या एका कोपऱ्यात रंग फिकट दिसत होते, दुकानदार बदलून देत नव्हता आणि पैसे पतसंस्थेतून कर्जाऊ काढलेले. मी बाजारातून त्याच मॉनिटरचे आणखी दोन नग आणवले. दोन्हींत तोच दोष. आम्हाला आलेला नग निवडून पाठवलेला होता. पुढच्या अंकात मी खुलासा लिहिला. तो छापून यायला मला संपादकांशी आठवडाभर भांडावं लागलं. त्या शिक्षकांचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत. कंपनीने पाठवलेल्या नगावरून निकाल द्यायचा नाही, हे मी तेव्हा ठरवलं.

इंटरनेट आलं तेव्हा वाटलं, आता हा प्रश्न सुटला. सुरुवातीची माणसं तशीच होती. १९९७ मध्ये आनंद लाल शिंपी या चौदा वर्षांच्या मुलाने अमेरिकेत 'आनंदटेक' सुरू केलं आणि एकेका चिपचं त्याने केलेलं विच्छेदन जगभरचे अभियंते वाचू लागले. १९९८ मध्ये फिल आस्की यांनी कॅमेऱ्यांच्या परीक्षणासाठी 'डीपीरिव्ह्यू' काढलं. बल्गेरियातून २००० मध्ये 'जीएसएमअरीना' आलं. त्याच वर्षी आपल्या मुंबईत फैजल फारूकी यांनी 'माउथशट' सुरू केलं. तिथे परीक्षक म्हणजे साधा गिऱ्हाईक. ज्याने पंखा घेतला त्याने पंख्याबद्दल लिहावं.

'माउथशट'ची एक गोष्ट मराठी वाचकाला पुरेशी सांगितली गेली नाही, ती इथे सांगते. वाईट अभिप्राय काढून टाका, अशा नोटिसा त्यांच्याकडे येत राहिल्या, आणि २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांमुळे त्या नोटिसांना बळ मिळालं होतं. ते २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्याच्या निकालात इतर याचिकांबरोबर त्यांचीही याचिका निकाली निघाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच निकालाने हेही ठरलं की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश असल्याखेरीज, केवळ कुणाची तक्रार आली म्हणून मजकूर काढण्याची सक्ती नाही. एखाद्या गृहिणीने मिक्सरबद्दल लिहिलेलं खरं वाक्य आज नेटवर टिकतं, त्यामागे मुंबईच्या एका छोट्या कंपनीची ही लढाई आहे.

तरीही आजींना त्यांचं उत्तर मिळालं नाही. का?

कारण पैसा. संकेतस्थळ चालवायला खर्च येतो आणि वाचक पैसे देत नाही. आधी जाहिराती आल्या, मग दलाली. परीक्षणाखालच्या दुव्यावरून तुम्ही वस्तू घेतली की विक्रेता परीक्षकाला काही टक्के देतो. अमेरिकेत 'वायरकटर' २०११ मध्ये याच उत्पन्नावर उभं राहिलं आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते सुमारे तीन कोटी डॉलरना घेतलं. ही पद्धत प्रामाणिकपणे चालवणारी माणसं आहेत, हे मी मान्य करते. पण "घेऊ नका" असं लिहिलं की त्या लेखातून दमडी मिळत नाही, हा हिशेब रोज मानेवर बसलेला असतो. त्यात कंपनीची पद्धत अशी की फोन बाजारात येण्याच्या आठवडाभर आधी परीक्षकाला द्यायचा आणि छापण्याची तारीख-वेळ ठरवून द्यायची. सगळी परीक्षणं एकाच मिनिटाला बाहेर पडतात. जो कडक लिहितो त्याला पुढचा फोन मिळेल याची खात्री नसते. खारी हवा आठवडाभरात खाचेत शिरत नाही. बॅटरी आठवडाभरात बसत नाही. अपडेट थांबलेत, हे दोन वर्षांनी कळतं.

कायदा थोडा पुढे आला आहे. पैसे घेऊन शिफारस करणाऱ्याने तसं उघड सांगावं, असे नियम जून २०२२ मध्ये आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक दिलं. जाहीर झालं तेव्हा ते ऐच्छिक होतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे सगळं चांगलं आहे. पण कायदा खोटं थांबवतो. जे कुणी तपासलंच नाही, ते कायदा कसं सांगणार?

आणि मोठ्यांच्या आधारावरही राहता येत नाही. 'डीपीरिव्ह्यू' २००७ मध्ये ॲमेझॉनने घेतलं आणि मार्च २०२३ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या जूनमध्ये दुसऱ्या कंपनीने ते घेतलं म्हणून पंचवीस वर्षांचं काम वाचलं. 'आनंदटेक'चं कामकाज ऑगस्ट २०२४ मध्ये थांबलं. जगातले सगळ्यांत काटेकोर परीक्षक असे संपतात, तिथे मराठी परीक्षक एकटा किती दिवस तग धरणार?

आता आपल्या भाषेबद्दल. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ मध्ये निघालं तेव्हापासून मराठीत पुस्तकांची कसून परीक्षणं होत आली आहेत. यंत्राचं परीक्षण मात्र आपण कंपनीच्या इंग्रजी पत्रकाचा अनुवाद म्हणून लिहितो. "हा फोन येतो ५००० एमएएच बॅटरीसह." मराठीत फोन असा येत नाही. त्याला बॅटरी असते, आणि ती सकाळच्या विरार लोकलपासून रात्री घरी परतेपर्यंत पुरते किंवा पुरत नाही. लोक बोलतात ते शब्द वापरा. बॅटरी बसते, फोन तापतो, हँग होतो, रेंज जाते. आणि मराठी वाचकाच्या कसोट्या लावा. 'सुऱ्या' आणि 'ॲप' ही अक्षरं धड उमटतात का? आगरी बोलीत बोललेलं बोलून टाइप करताना कितपत कळतं? भर उन्हात, होडीत, ओल्या बोटाने पडदा चालतो का? आयपी६७ असं खोक्यावर लिहिलेलं असतं, त्याचा पाण्यापुरता अर्थ एक मीटर खोल, अर्धा तास, आणि तेही गोड्या पाण्यात. समुद्राच्या पाण्याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही, आणि पाणी गेलेला फोन बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. हे वाक्य उत्तनच्या खलाशापर्यंत कुणी पोहोचवलं आहे? जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे, तिथे जायला दिवसाची मजुरी बुडते का, हे कुठल्या परीक्षणात आहे?

म्हणून मी ग्राहक पंचायतीच्या संघांकडे परत येते. त्या कुटुंबांनी धान्यासाठी जे केलं ते आपण यंत्रासाठी करू या. या मंडपात आपण तीसेक परीक्षक आहोत. प्रत्येकी पाचशे रुपये काढले तर पंधरा हजार होतात. तेवढ्यात, इथला माणूस खरोखर घेतो तसा एक फोन भाईंदरच्या दुकानातून पावती करून घेता येतो. तो एक महिना मोरव्यात राहील, एक महिना उत्तनच्या होडीवर, मग विदर्भाच्या मे महिन्यात, मग कोकणच्या पावसात. प्रत्येकाने आपली नोंद तारखेसह लिहायची. एक वर्षानंतर सगळ्यांचं मिळून एक परीक्षण, दलालीच्या दुव्याविना, आणि शेवटी पावतीचं छायाचित्र. फोन विकून जे येईल ते पुढच्या फोनसाठी. वर्षभर उशिरा आलेलं परीक्षण कोण वाचेल, असं कुणी विचारेल. आपल्याकडे फोन चार-चार वर्षं वापरतात, मोठ्याने वापरून धाकट्याला देतात, जुना विकत घेतात. ते वाचतील. जुन्या नोंदी पुसू नका, चुकलेला निकालही तारखेसह तसाच ठेवा आणि खाली दुरुस्ती लिहा.

पहिला फोन कोणता घ्यायचा ते दुपारच्या सत्रात आपण ठरवू. पहिला महिना तो आजींच्या घरी राहावा, अशी माझी विनंती आहे. त्यांनी होकार दिला आहे. माझे पाचशे रुपये मी आत्ताच स्वागताध्यक्षांकडे देते. आपलेही द्या.