भोंगा थांबत नाही तेव्हा



विषय वैद्यकाचा आणि बोलणारा युनियनचा कार्यकर्ता, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण गेटसभांत आणि वाचनालयांत झाले. परंतु ज्या आजाराने आमची माणसे कामावरून उठतात, तो समजून घेणे हे आम्ही युनियनचेच काम मानतो.

एका फौंड्रीत फेटलिंगवर काम करणारा आमचा एक सभासद होता. सकाळी उठल्यावर तासभर त्याची मूठ वळत नसे. मुकादमाने त्याला कामचुकार ठरविले. तो कंत्राटी, आजारी म्हटले की दुसऱ्या दिवशी गेटबाहेर. म्हणून दुखणे कमी करणाऱ्या गोळ्या खाऊन तो दोन वर्षे गप्प राहिला. आमवाताचे निदान झाले तोवर बोटे वाकडी झाली होती. त्याने आम्हांला विचारले, "भाऊ, माझेच शरीर माझ्यावर का उलटले?" या प्रश्नाने आम्हांला पुस्तकांकडे नेले.

१९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोन शास्त्रज्ञांनी फ्लूचे मेलेले विषाणू कोंबडीच्या अंड्यातील पापुद्र्याच्या तुकड्यांबरोबर ठेवले. नंतर तो द्रव ताज्या तुकड्यांना दिला, तेव्हा त्यांच्यावर जिवंत विषाणूची मात्रा चालेना. त्या द्रवातील पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिले. हा शरीराचा भोंगा होय. विषाणू शिरलेली पेशी तो वाजविते. शेजारच्या पेशी तो ऐकतात आणि त्यांच्यातील शेकडो जनुके जागी होऊन नवी प्रथिने तयार करू लागतात. एक प्रथिन विषाणूची वाट अडविते, दुसरे त्याचा मजकूर फाडण्याची व्यवस्था करते, तिसरे पेशीतील उत्पादनच बंद पाडते. आणखी एक पांढऱ्या पेशींना मदतीला बोलाविते. संकट टळले की भोंगा थांबावा, हा नियम.

ल्युपस नावाच्या आजारात तो थांबत नाही. या आजारात सांधे सुजतात, चेहऱ्यावर चट्टे येतात, मूत्रपिंड बिघडते. आणि तो पुरुषांपेक्षा स्त्रियांना फार अधिक होतो. कर्करोगावर वा यकृताच्या काविळीवर इंटरफेरॉनच्या सुया घेणाऱ्या काही रुग्णांना ल्युपससारखा आजार झाला, तेव्हा संशय बळावला. २००३ साली ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तपेशींत इंटरफेरॉनने जागविलेल्या जनुकांचा ठसा स्पष्ट दिसला. आमवाताच्याही काही रुग्णांत तो आढळतो. विलक्षण गोष्ट अशी की, 'रो-५२' आणि 'आयएफआय-१६' ही इंटरफेरॉनने वाढविलेली प्रथिने स्वतःच काही रुग्णांत प्रतिपिंडांचे लक्ष्य बनतात. पहारेकऱ्यालाच चोर समजून धरावे, तसा हा प्रकार! २०२१ साली अमेरिकेत मान्य झालेले अॅनिफ्रोलुमॅब हे औषध पेशीचा हा भोंगा ऐकणारा कानच बंद करते.

आता कारखान्याकडे वळू. १९५३ साली कॅप्लन या डॉक्टरांनी वेल्समधील कोळसा खाणकामगारांत धुळीने खराब झालेली फुप्फुसे आणि आमवात एकत्र पाहिले. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्यांना आमवात व ल्युपस अधिक होतात, हे पुढे अनेक देशांत दिसून आले. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले की, सिलिकाचा कण पेशी मारतो, तिच्यातील डीएनए बाहेर सांडतो, आणि शरीर त्याला शत्रू समजून इंटरफेरॉनचा भोंगा वाजविते. विषाणू नसतानाही भोंगा वाजतो!

ही धूळ परकी नाही. भोसरी-चाकणच्या फौंड्रीतील वाळूत ती आहे. या मारुंजीत उठणाऱ्या इमारतींवर फरशी आणि दगड कापले जातात, तेथेही आहे. प्रत्येक सांधेदुखी धुळीने होते असे आम्ही म्हणत नाही. १९९६ साली भिगवणला डॉक्टरांनी गावभर पाहणी केली, तेव्हा खेड्यातही आमवात सापडलाच. त्याला अनुवंश आणि तंबाखू-विडीसारखी इतर कारणेही आहेत. पण जे कारण टाळता येते, ते का टाळू नये?

म्हणून आमचे सांगणे थोडे आहे. सकाळी सांधे तासभर आखडत असतील, बोटांची सूज सहा आठवडे टिकली असेल, तर सांध्यांच्या तज्ज्ञाकडे जा. लवकर उपचार झाले तर सांधे वाचतात. आपण कोणते काम किती वर्षे केले, हे केसपेपरवर लिहून घ्या. फरशी पाणी सोडून कापा, धूळ ओढणारे यंत्र मागा. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवीत नाही. आणि दुखणे सांगणाऱ्याची नोकरी जाऊ देऊ नका.

शेवटी एक कबुली. आम्ही वर्षानुवर्षे बोनस आणि पगारवाढीसाठी भांडलो. धुळीचा प्रश्न मागणीपत्रात घातला नाही. त्या सभासदाला पुढे हलके काम मिळवून दिले, पण त्याची बोटे सरळ झाली नाहीत. तो दोन वर्षे गप्प राहिला, यात आम्ही त्याला विचारले नाही, हाही दोष आहेच. आता प्रत्येक गेटसभेत आम्ही विचारतो, "सकाळी मूठ वळते का?" आपणही आपल्या घरी एवढे विचारावे, ही विनंती करून आम्ही रजा घेतो.