अंगणातील रंगभूमी, घरातील वेश
(खंडाळा तालुक्यातील शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात केलेले भाषण)



स्नेहसंमेलन जवळ आले की शाळाशाळांतून एकच विवंचना ऐकू येते : रंगमंच कोठे उभारावयाचा आणि पोशाख कोठून आणावयाचे ? पोशाख भाड्याने येतात, त्यासाठी पालकांकडून वर्गणी घेतली जाते आणि ज्याच्या घरून ती येत नाही त्याने प्रेक्षकांत बसावयाचे, असा जणू प्रघातच पडला आहे. उत्तम नाचणारी मुलगी केवळ घागऱ्याच्या भाड्यापायी मागे राहावी, ही गोष्ट मनाला लागते.

मराठी नाटकाने रंगमंदिराची वाट पाहिली नव्हती. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले ते सांगलीच्या अधिपतींच्या आश्रयाने, त्यांच्या वाड्यात. सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. ही रीत आपल्या वर्गास फार सोयीची आहे. ज्या मुलास वाचन अजून जड जाते, तोही प्रसंग समजला की आपल्या शब्दांत बोलतो. पाठांतराचा आग्रह धरला की नेमका तोच मुलगा गळतो.

नायगाव तर आपल्याच तालुक्यातील. सावित्रीबाईंचा जन्म तेथे ३ जानेवारी १८३१ रोजी झाला. जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, तेव्हा दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही. त्यातील फसवले गेलेले शेतकरी जोडपे अखेर शिकावयास निघते. पुढे सत्यशोधक जलसे तमाशाचाच बाज घेऊन गावोगाव फिरले.

दरवर्षी ३ जानेवारीस आपल्या मुली सावित्रीबाईंचा वेश करतात. आता त्यासाठी शिवलेली तयार नऊवारी मिळते. अंगात घातली की झाले. सोय खरी, पण त्यात मुलगी काय शिकली ? एखाद्या आजीबाईंना शाळेच्या ओसरीवर बोलवावे. त्या आपले लुगडे आणतील, निऱ्या व कासोटा घालून दाखवतील. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. चौथीच्या मुलीस एवढे झेपत नाही. मग तिला किती पुरेल, हे मुलींनीच सुतळीने मोजून काढावे. गणिताचा तास निराळा घ्यावा लागणार नाही. मुलांनी फेटा बांधण्यास शिकावे. तो भाड्याच्या टोपीपेक्षा केव्हाही शोभतो.

जवळ धनगरवस्ती असेल तर गजीनृत्य तेथेच जाऊन पाहावे. ढोलाचा ठेका, पांढरा अंगरखा, हातातील रंगीत रुमाल हे सारे मोकळ्या माळावर जसे उमजते तसे वर्गात उमजत नाही. मात्र तो देवापुढील नाच आहे. वस्तीतील वडीलधाऱ्यांना विचारल्यावाचून तो संमेलनात आणू नये, आणि त्यांनी होकार दिल्यास शिकवण्याचा मानही त्यांचाच.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. दिवाळीनंतर ऊसतोडणीच्या टोळ्यांबरोबर आलेली मुले आपल्या पटावर उशिरा चढतात, आणि तोवर पात्रे वाटून झालेली असतात. त्या मुलांकडे त्यांच्या मुलखातील गाणी असतात, बोलण्याची निराळी ढब असते. परंतु विचारणारा कोणी नसतो. यंदा प्रत्येक शाळेने निदान दोन पात्रे रिकामी ठेवावीत, आणि ती मुले आल्यावर त्यांना कोणते काम हवे ते त्यांनाच विचारावे.