कोलोनला गेलेला पहिला जपानी

युरोपातल्या फुटबॉल संघांमध्ये जपानी खेळाडू आज सर्रास दिसतात. 1977 साली मात्र जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉलच नव्हतं. आपल्याकडे टाटा, मफतलाल, महिंद्र यांचे संघ होते, तसे तिथेही कंपन्यांचे संघ असत. यासुहिको ओकुदेरा हा फुरुकावा इलेक्ट्रिकच्या संघाचा आघाडीवीर. राष्ट्रीय संघाबरोबर सरावासाठी जर्मनीत गेला असताना कोलोन क्लबचे प्रशिक्षक हेनेस वाइसवायलर यांच्या तो नजरेत भरला. पायांत वेग आणि डाव्या पायाचा फटका जबरदस्त. त्यांनी त्याला क्लबमध्ये यायला सांगितलं. ओकुदेरानं लगेच होकार दिला नाही. पंचविशीतला माणूस, भाषा येत नाही, आणि चार गोष्टी विचारून घ्याव्यात असा आधी गेलेला एकही जपानी नाही. अखेर तो गेला.

पहिल्याच हंगामात कोलोननं बुंडेसलिगा आणि जर्मन कप, दोन्ही जिंकले. लीगचा शेवटचा दिवस विलक्षण होता. कोलोन आणि ग्लाडबाख यांचे गुण समान, पण गोलफरकात कोलोन 10 गोलांनी पुढे. त्या दिवशी ग्लाडबाखनं डॉर्टमुंडवर तब्बल 12 गोल चढवले! तिकडे हॅम्बुर्गमध्ये कोलोननं सेंट पॉलीला 5-0 हरवलं, त्यातले दोन गोल ओकुदेराचे. ते झाले नसते तरी विजेतेपद मिळालं असतं, पण फक्त एका गोलाच्या फरकानं.

पुढच्या वर्षी, एप्रिल 1979 मध्ये, युरोपियन कपची उपांत्य फेरी. समोर प्रशिक्षक ब्रायन क्लफ यांचा इंग्लिश संघ नॉटिंगहॅम फॉरेस्ट. मैदानावर नुसता चिखल. 2-0 अशी आघाडी घेतलेला कोलोन 3-2 असा मागे पडला होता. ओकुदेरा बदली म्हणून उतरला आणि थोड्याच वेळात त्याचा जमिनीलगतचा फटका पीटर शिल्टनसारख्या गोलरक्षकाच्या अंगाखालून जाळ्यात गेला. 3-3. परतीचा सामना मात्र फॉरेस्टनं जिंकला.

मला त्याची खरी थोरवी यापुढच्या वर्षांत दिसते. वाइसवायलर क्लब सोडून गेले, ओकुदेराला जागा मिळेना. तो दुसऱ्या श्रेणीतल्या हेर्था बर्लिनकडे गेला. तिथून 1981 मध्ये ओटो रेहागेल यांनी त्याला वेर्डर ब्रेमेनमध्ये आणलं. गोल करणारा हा खेळाडू तिथे बहुतेक वेळा डाव्या बगलेला बचाव करू लागला. मैदानावर दोनच परदेशी उतरवता येत, त्या काळातली ही गोष्ट. त्यातली एक जागा पाच वर्षं त्याच्याकडे राहिली, कारण सांगाल तिथे तो चोख खेळायचा. असा खेळाडू प्रशिक्षकाला हवाहवासा वाटतो, पण मथळ्यांत क्वचितच येतो.

या काळात ब्रेमेन लीगमध्ये तीनदा उपविजेता ठरला. 1986 मध्ये तर बायर्नविरुद्ध अखेरच्या मिनिटांत ब्रेमेनच्या कुट्सोपची पेनल्टी खांबाला लागली. ती आत गेली असती, तर ब्रेमेन त्याच संध्याकाळी विजेता झाला असता.

त्याच वर्षी ओकुदेरा फुरुकावाकडे परतला. जपानी फुटबॉल संघटनेनं नव्यानं दिलेल्या परवान्यामुळे तो आणि काझुशी किमुरा मायदेशात उघडपणे व्यावसायिक म्हणून खेळू शकले. जे-लीग सुरू व्हायला अजून सात वर्षं होती. बुंडेसलिगातले त्याचे 234 सामने हा जपानी खेळाडूंमधला विक्रम. माकोतो हासेबेनं तो मोडायला 2017 साल उजाडलं.