मोठी मोटर बसवण्यापूर्वी

(शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. त्याच्या मामूंनी अमेरिकेहून छंदाच्या रॉकेटचा संच आणला होता: पुठ्ठ्याची नळी, प्लास्टिकचे टोक, हलक्या बाल्सा लाकडाचे तीन पंख आणि एक लहानशी हवाई छत्री. मोटर मात्र नव्हती, कारण ती विमानात आणू देत नाहीत. मुलगा म्हणाला, "सर, मोटर मीच करतो. आणि छोटी नाही, मोठी बसवतो." पिशवीच्या तळाशी वर्तमानपत्राच्या पुडीत त्याने फटाके फोडून जमवलेली दारू होती.

ती पुडी मी त्याच्यादेखत पाण्याच्या बादलीत सोडली. संध्याकाळी त्याचे अब्बा आले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि संच भंगारात द्यायला निघाले. मी त्यांना थांबवले. दारू चुकीची होती, प्रश्न चुकीचा नव्हता. तो प्रश्न आज आपल्यापुढे मांडतो.

आधी दारूविषयी. कारखान्यात केलेल्या मोटरमध्ये काळी दारू यंत्राने इतकी घट्ट दाबलेली असते की ती मेणबत्तीसारखी थराथराने जळते. पुडीतली भुसभुशीत दारू तशी जळत नाही. कणांमधल्या फटींतून ज्वाला एकदम सगळीकडे पोचते, वायूला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि नळी फुटते. फटाक्यांच्या दारूत ॲल्युमिनियमची पूड असेल तर विचारायलाच नको. ती मुळात फुटण्यासाठीच केलेली असते.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, टिपू सुलतानाच्या बाणांना लोखंडी नळ्या होत्या, मग आपणही लोखंडी नळी घेऊ. लोखंडामुळे आत जास्त दाब धरता आला आणि म्हैसूरचे बाण दूर जाऊ लागले, हे खरे. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांनी त्यांचा मार खाल्ला आणि पुढे विल्यम काँग्रीव्हने त्यांच्यावरूनच आपली रॉकेटे बांधली. पण ते युद्धाचे हत्यार होते. लोखंडी नळी फुटली की तिच्या ठिकऱ्या गोळीसारख्या उडतात. अमेरिकेत असे उद्योग करून मुले जखमी होत, काही जिवानिशी गेली. १९५७ च्या सुमारास हॅरी स्टाइन नावाचे अभियंते आणि ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे जोड्यांचे दुकानदार यांनी त्यावर तोड काढली: मोटर कारखान्यातली, नळी कागदाची, मुलाने दारूला हात लावायचाच नाही. छंदाची रॉकेटे ती हीच. आपल्याकडे तर परवान्याशिवाय स्फोटक तयार करणे १८८४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

आता मोठ्या मोटरचा प्रश्न. या मोटरींना अक्षरे असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला एकूण जोराची मर्यादा दुप्पट होते. 'सी' मोटर १० न्यूटन-सेकंदांपर्यंत, 'डी' २० पर्यंत. नेहमीची सी मोटर १८ मिलिमीटर जाडीची, डी २४ मिलिमीटरची. लांबी दोन्हींची ७० मिलिमीटर. आमच्या संचाची नळी आतून २४ मिलिमीटर होती. म्हणजे बारीक मोटरसाठी आत दिलेल्या पुठ्ठ्याच्या कड्या काढल्या, मोटर पुढे घुसू नये म्हणून एक अडकण चिकटवली, की डी मोटर सहज बसते. घोटाळा या सहजपणातच आहे.

सी मोटरचे वजन सुमारे २४ ग्रॅम, डीचे सुमारे ४३. आम्ही कागदाच्या सुरळ्यांत वाळू भरून या वजनाच्या दोन खोट्या मोटरी केल्या. रॉकेट ३१ सेंटिमीटर लांब, वजन २४ ग्रॅम. बोटावर तोलून पाहिले. लहान मोटर घालून तोल टोकापासून सुमारे २१ सेंटिमीटरवर आला, मोठी घालून २३ वर. जवळजवळ दोन सेंटिमीटर तोल शेपटीकडे सरकला. रॉकेट सरळ जायचे तर हा तोलाचा बिंदू, वाऱ्याचा रेटा जिथे एकवटतो त्या बिंदूच्या पुढे, निदान नळीच्या एका जाडीइतका हवा. आमची नळी अडीच सेंटिमीटर जाडीची. तेव्हा दोन सेंटिमीटर गमावणे म्हणजे काय, हे मुलांनीच ओळखले.

तरीही खात्री करायची होती. तोलाच्या जागी दोरी बांधून मैदानात रॉकेट डोक्याभोवती गरागरा फिरवले. लहान मोटरचे टोक पुढे करून फिरले. मोठीचे आडवे झाले, मग शेपूट पुढे करून फिरू लागले. हेच रॉकेट उडवले असते तर ते गर्दीत कुठेही शिरले असते. मग टोकात थोडा थोडा शाडू भरत गेलो. साडेसहा ग्रॅमला तोल पूर्वीच्या जागी आला आणि टोक पुन्हा पुढे झाले. त्या दिवशी मैदानात झालेला गलका हेडमास्तरांच्या खोलीपर्यंत गेला होता, त्याबद्दल आज जाहीर माफी मागतो.

आपल्या देशाच्या रॉकेटचीही हीच परीक्षा झाली. रामेश्वरमच्या नावाड्याचे चिरंजीव डॉ. अब्दुल कलाम एसएलव्ही-३ चे प्रकल्प संचालक होते. आपले मराठी डॉ. वसंत गोवारीकर तेव्हा थुंब्याला घन इंधनाचे काम पाहत. १९७९ चे पहिले उड्डाण फसले, १८ जुलै १९८० चे साधले. त्या यानाची क्षमता ४० किलोची होती. ती १५० किलोवर नेण्यासाठी त्याच्याच पहिल्या टप्प्यासारख्या दोन मोटरी बाजूंना जोडल्या आणि एएसएलव्ही झाले. १७ टनांचे यान ४० टनांच्या आसपास गेले. मार्च १९८७ मध्ये बाजूच्या मोटरी विझल्यावर मधली पेटलीच नाही. जुलै १९८८ मध्ये नियंत्रण अपुरे पडून यान मोडले. पुढची चार वर्षे दुरुस्तीत गेली आणि २० मे १९९२ ला ते सुखरूप वर गेले. जोर वाढवला की सांधे, तोल आणि नियंत्रण सगळे नव्याने तपासावे लागते, हे तिथल्या जाणत्या मंडळींनाही दोन याने गमावून शिकावे लागले.

आमचे रॉकेट उडालेले नाही, हे सांगितलेच पाहिजे. मोटर नाही, आणि असती तरी अंधेरीत ते उडवता येणार नाही. डोक्यावरून सांताक्रूझची विमाने उतरतात, शेजारी जुहूचा विमानतळ आहे, आणि छत्री उघडून समुद्राच्या वाऱ्यावर ते रेल्वेच्या तारांवर किंवा कुणाच्या बाल्कनीत जाऊन पडेल. हौस भागवायला आम्ही शीतपेयाच्या बाटलीत पाणी आणि सायकलच्या पंपाने हवा भरून रॉकेटे सोडतो. तिथेही शाडू लागतोच.

संच प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. शनिवारी जुहरनंतर मी तिथे असतो, मुलांना जरूर पाठवा. त्या मुलाचा आता नवा प्रश्न आहे: शाडूऐवजी पंखच मोठे केले तर? त्याने जाड पुठ्ठ्याचे तीन पंख कापून ठेवले आहेत, अजून चिकटवलेले नाहीत.