कोरलेली नावे
(बजाजनगर येथील सभेत केलेले भाषण)



आपल्या वाळूजवरून पुण्यास जाणाऱ्या रस्त्यावर लष्करी इतिहासाची दोन स्थळे लागतात. पहिले अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय. १९९४ साली स्थापन झालेल्या ह्या संग्रहालयात नाना देशांचे रणगाडे मांडलेले आहेत. तेथे यंत्रे दिसतात. दुसरे स्थळ भीमेकाठचा कोरेगावचा जयस्तंभ. तेथे माणसांची नावे दिसतात. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली महारांची नावे कोरलेली आहेत.

ज्यांची सावलीही गावास चालत नव्हती, त्यांची नावे दगडाने जपली! पुढे त्याच इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीचा हक्क अर्जाद्वारे मागितला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब स्तंभापाशी आले. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

आपण करुणेचा मार्ग स्वीकारला आहे. युद्धाचा गौरव आपणांस करावयाचा नाही. परंतु आपल्या माणसांच्या त्यागाची नोंद पुसूही द्यावयाची नाही. ज्यांच्या घरी आजोबांचे पदक वा पलटणीचा कागद पेटीत पडून आहे, त्यांनी त्यांचे नाव, गाव, पलटण आणि वर्ष आजच वहीत लिहून काढावे व मुलांकडून वाचून घ्यावे. ज्याची नोंद नाही, त्याचा हक्क नाकारणे सोपे असते.

जय भीम!