चूक तोंडावर सांगा, हसत सांगा
(वनहक्क समित्यांच्या शिबिरातलं भाषण)



ग्रामसभेत आपण गप्प बसतो. सभा उठली की पाणवठ्यावर तोंड उघडतं. "हिशोब कळला नाय." "अध्यक्ष एकटाच बोलतो." हे सभेतच का नाय बोलायचं?

एका पाड्यावर अध्यक्ष दीड तास बोलत होते. मागून एक आजी म्हणाली, "दादा, खुर्चीवरचा तुझा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा का?" सगळे हसले, अध्यक्षही हसले. मग त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि बाया बोलायला लागल्या. एका प्लॉटची हद्द नकाशात चुकली होती, ते तिथंच निघालं.

ही चूक तशीच पुढे गेली असती, तर उपविभागीय समितीत दावा अडकला असता. मग ६० दिवसांत अपिलासाठी मजुरी बुडवून धावपळ. आपण गप्प राहिलो तर जमीन जाते, साथींनो.

कायदा सांगतो, समितीत १० ते १५ माणसं, त्यात एक तृतीयांश बाया. पण नुसती सही-अंगठा म्हणजे सहभाग नाय.

म्हणून आपण ठरवू. थट्टा खुर्चीची करायची, गरिबाची नाय. कुणाच्या बोलीला, फाटक्या कपड्याला हसायचं नाय. ज्याला विचारलं त्यानं रुसायचं नाय, उत्तर द्यायचं. आम्हा कार्यकर्त्यांनाही सोडू नका. पुढच्या सभेत हिशोब वाचून झाला की पहिला प्रश्न मागच्या रांगेतून येऊ द्या.

जोहार!